एका सनाची चूक व नव्या संशोधकाची तयारी

जुनीं दप्तरें वाळवीपासून वांचविणें जितकें निकडीचें आहे, तितकेंच तीं लावणारा माणूस तयार करणें निकडीचें आहे. पहिल्या कार्याकडे संग्राहकांचें लक्ष बरेंच गेलें; दुसऱ्याकडे त्या मानानें कमी. मोडी अक्षर लागूं लागलें म्हणजे माणूस संशोधक झाला, असा समज अद्यापि आढळतो. तो किती अपुरा आहे हें एका उदाहरणावरून दाखवितों.

समजा, नव्या अभ्यासकाच्या हातीं एक सुटें पत्र आलें. त्यांत अबदालीच्या हालचालींचा मजकूर असून अखेरीस महिना रबिलावल व सन 'इहिदे सितैन मया व अलफ' इतकेंच आहे. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर व अलफ म्हणजे हजार, एकूण ११६१. येथवर त्याचें वाचन बिनचूक आहे. पण महिना मुसलमानी, तेव्हां सनहि हिजरीच, असें धरून तो जंत्री काढतो व त्यास मार्च १७४८ मिळतो. नेमक्या त्याच महिन्यांत सरहिंदजवळ मनुपूर येथें मोगल फौजेनें अबदालीचा पराभव केलेला आहे! त्यामुळें चुकीच्या मितीस इतिहासाचा आधारहि मिळाला, आणि अभ्यासक निःशंक झाला.

वस्तुतः हा सन सुहूर होय. त्याचें वर्ष मृगापासून सुरू होतें व सौरमानानें चालतें. महिने मात्र मुसलमानी लिहिण्याचा प्रघात. मृगापासून डिसेंबरअखेर त्यांत ५९९ व पुढें ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. या हिशेबानें ११६१ चा रबिलावल ऑक्टोबर-नोव्हेंबर १७६० मध्यें पडतो. १७ ऑक्टोबर १७६० रोजीं मराठ्यांनीं कुंजपुरा घेतला. पत्र त्या धामधुमीचें ठरतें. साडेबारा वर्षांचा फरक केवळ सन न ओळखल्यानें पडला.

अशा ठिकाणीं मार्गदर्शकाचें काम सुरू होतें. त्यानें उत्तर सांगून मोकळें होऊं नये. पत्र कोणीं कोणास लिहिलें, लिहिणारा त्या दिवशीं कोठें होता, पत्रांत आलेलीं माणसें तेव्हां कोणत्या हुद्द्यावर होतीं, हे प्रश्न घालून शिष्याकडूनच मिती पुन्हां लावून घ्यावी. राजवाड्यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेच्या पहिल्या खंडांत १७५० ते १७६१ या काळांतील पत्रें आहेत. त्यांच्याशीं ताडून पाहण्यास सांगावें. नंतर तो निर्णय चार जाणत्यांच्या सभेंत मांडावयास लावावा. पुण्यास ७ जुलै १९१० रोजीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, त्यायोगें अशा परीक्षेस एक ठिकाण मिळालें. ग. ह. खरे यांचें 'संशोधकाचा मित्र' हें पुस्तक नवशिक्याच्या हाताशीं असावेंच; पण आपण चुकलों आहों ही शंकाच ज्याच्या मनांत येत नाहीं, तो पुस्तक उघडणार कशाला? ती शंका उत्पन्न करणें हेंच गुरूचें कार्य.

अशा शिकवणीचें फळ एका माणसापुरतें राहत नाहीं. सर यदुनाथ सरकारांनीं सीतामऊचे महाराजकुमार रघुवीरसिंह यांस मार्गदर्शन केलें. १९३६ सालीं रघुवीरसिंहांचा माळव्याच्या संक्रमणकालावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढें त्यांनीं सीतामऊस मूळ साधनांचा व त्यांच्या प्रतिकृतींचा मोठा संग्रह करून तो अभ्यासकांस उपयोगीं आणला. शिष्य स्वतः शिकून थांबला नाहीं, इतरांचा आधार झाला.

संग्राहकांस विनंती इतकीच कीं, नव्या अभ्यासकास एक रुमाल उघडून द्यावा व त्याबरोबर आपला एक तासहि द्यावा. कागदाची प्रत करून ठेवतां येते. तो लावण्याची दृष्टि मात्र तिच्या धन्याबरोबर जाते. ती वेळींच दुसऱ्यास न दिली, तर नीट जपलेलें दप्तरहि मुकेंच राहील.