बासरचा वर्ग आणि पडद्यावरचे मास्तर

२००८ साली बासरला एक विद्यापीठ सुरू झालं. दहावी नुकतीच पास झालेली खेड्यापाड्यांतली मुलं तिथे घेतली आणि त्यांच्या हातात लॅपटॉप दिले. शिकवणारे तज्ज्ञ दूर होते. त्यांनी तयार केलेली व्याख्यानं वर्गातल्या पडद्यावर दिसायची, तीच पुन्हा लॅपटॉपवर पाहता यायची, आणि वर्गात मुलांजवळ असायचे ते तरुण मार्गदर्शक. राजीव गांधी युनिव्हर्सिटी ऑफ नॉलेज टेक्नॉलॉजीज हे त्याचं पूर्ण नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. 'बासरची ट्रिपल आयटी' म्हटलं की सगळ्यांना कळतं.

मी धर्माबाद तालुक्यातला जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. धर्माबादहून सिकंदराबादकडे निघालेली गाडी राज्याची हद्द ओलांडते, बासरला थांबते आणि मग गोदावरीच्या पुलावर चढते. त्यामुळे बासर आम्हाला परगाव वाटत नाही. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरपर्यंत नांदेड आणि आदिलाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. मुधोळ, भैंसा भागात आजही घरोघर मराठी ऐकू येतं, आणि आमच्या धर्माबादच्या बाजारात तेलुगू आल्याशिवाय मिरचीचा व्यवहार नीट होत नाही. बासर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात आहे. बासरच्या ज्ञानसरस्वतीच्या देवळात जाणाऱ्या बाईला या फेरबदलाशी काही देणंघेणं नसतं. ती पाटी, हळदकुंकू, तांदूळ घेते आणि लेकराला घेऊन गाडीत बसते.

चित्र आणि आवाज मुलाला उत्तम शिकवतात, पण त्यांच्या शेजारी एक जाणता माणूस बसलेला असला तरच, असं माझं मत नोकरीच्या काळात बनलं. बासरच्या इतिहासाने ते पक्कं केलं.

सुरुवात देवळापासूनच करायला हवी. व्यासांनी गोदावरीत स्नान करून रोज मूठ मूठ वाळू आणली, तिच्या देवी घडवल्या आणि त्यातली एक ही सरस्वती, अशी इथली कथा. मूर्तीला हळदीचा लेप असतो. अक्षराभ्यासासाठी वसंत पंचमीला आणि नवरात्रात, मूळ नक्षत्राच्या दिवशी तर विशेष, रांगा लागतात. तेलंगण, आंध्र, मराठवाडा, कर्नाटक, सगळीकडची माणसं त्यात असतात. मंडपात आईबाप मांडी घालून बसतात, पोर मांडीवर. पुजारी समोर बसून मुलाच्या मुठीवर आपली मूठ धरतो आणि पाटीवर पहिली अक्षरं गिरवून घेतो. मूल बहुतेक वेळा पाटीकडे पाहतच नाही. ते पुजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतं, बाजूच्या रडणाऱ्या पोराकडे पाहतं. तरी हात फिरत राहतो, अक्षर उमटतं, आणि उमटत असतानाच ते कानावरही पडतं. डोळा, कान आणि हात तिन्ही एकाच वेळी कामाला लागतात. शिकवण्याची ही फार जुनी आणि फार नेमकी रीत आहे.

पंतोजींच्या शाळेतही हेच होतं. लाकडी फळीवर धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचं, हात फिरवून पुसायचं आणि पुन्हा काढायचं. ती धूळपाटी. संध्याकाळी परवचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी एका सुरात म्हणायच्या. न समजता पाठ करून घेण्याचा त्यातला जाच मला मान्य आहे आणि छडीचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण त्या काळच्या दुकानदाराचा हिशेब तोंडावर असायचा, तो या कानाच्या शिक्षणामुळेच.

निजामी राजवटीत आमच्या भागात वरचं शिक्षण उर्दूत होतं. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झालं. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि फळ्यावर उर्दू, अशी मागच्या पिढीची शाळा होती. या भागात दृक्-श्राव्य साधनांचा विचार करताना भाषेचा प्रश्न पहिला येतो तो यामुळे. चित्र सगळ्यांना कळतं, निवेदन कुणाच्या भाषेत आहे हे मात्र विचारावं लागतं.

डी.एड.ला आम्हाला 'दृक्-श्राव्य साधने' असा भाग होता. एडगर डेल या अमेरिकन अध्यापकाने १९४६ साली मांडलेला 'अनुभवांचा शंकू' आम्ही परीक्षेसाठी काढायचो. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाला नुसते शब्द, आणि मधे सहल, प्रदर्शन, चित्रपट, रेडिओ. फ्लॅनेल बोर्डवर आम्ही स्वतः कापलेली चित्रं चिकटवायचो. फिल्मस्ट्रिपचा प्रोजेक्टर कॉलेजात एकच होता आणि त्याचा बल्ब जाईल या भीतीने तो क्वचित लागायचा.

शिकताना तेव्हा ज्याने मला धरून ठेवलं, तो प्रयोग पुण्याचा. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत रेडिओ-शेतकरी मंडळं काढली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. गावातल्या मंडळाने एकत्र बसून ऐकायचं, लगेच चर्चा करायची आणि शंका केंद्राला लिहून कळवायच्या. या प्रयोगाची शास्त्रशुद्ध पाहणी झाली. ज्या गावांत मंडळ होतं तिथे लोकांच्या माहितीत स्पष्ट भर पडली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता, तिथे ती फारच थोडी पडली. पेटी दोन्हीकडे सारखीच होती. फरक ऐकल्यानंतरच्या बैठकीने केला. एवढा मोठा निष्कर्ष आपल्याच मातीत निघाला होता, आणि पुढच्या पन्नास वर्षांत शाळांसाठी यंत्रं घेणाऱ्यांनी तो बाजूलाच ठेवला.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे 'साइट' प्रयोगाचं वर्ष. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी आपल्याला मिळाला आणि सहा राज्यांतल्या २४०० गावांत जाळीच्या मोठ्या अँटेनांवर दूरदर्शन दिसू लागलं. विक्रम साराभाईंनी पाहिलेलं हे स्वप्न होतं, ते पुरं झालेलं पाहायला ते हयात नव्हते. आंध्र प्रदेश त्या सहांत होता, महाराष्ट्र नव्हता. सकाळी शाळेच्या मुलांसाठी प्रत्येक भाषेला साडेबावीस मिनिटं मिळायची. याच प्रयोगात सुट्टीच्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांचं विज्ञानाचं प्रशिक्षणही पडद्यावरून झालं. त्यात दूरदर्शनबरोबर रेडिओ होता, छापील पुस्तिका होत्या आणि गटाला मार्गदर्शन करणारी माणसं होती. पडद्याशेजारी माणूस बसवण्याचं अवघड काम या प्रयोगाने आधी केलं.

दूरशिक्षणातही आमच्या शेजाऱ्यांनी पहिलं पाऊल टाकलं. देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघालं. जी. राम रेड्डी तिथले पहिले कुलगुरू, आणि १९८५ साली इग्नू निघालं तेव्हा त्याचेही पहिले कुलगुरू तेच. आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ साली राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली उभं राहिलं. शाळा सुटलेल्या कितीतरी बायांनी संसार सांभाळून या विद्यापीठाची पदवी घेतली. अभ्यासकेंद्रावर सुट्टीच्या दिवशी भेटणारा समंत्रक ही त्या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

आता आमच्या शाळेत येतो. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी स्थापन झाली आणि मराठीत शालेय कार्यक्रम दूरदर्शनवर येऊ लागले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाची 'कंट्रीवाइड क्लासरूम' ही मालिकाही सुरू झाली, पण ती इंग्रजीत आणि कॉलेजच्या मुलांसाठी. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली आणि केंद्राच्या योजनेतून शाळांना रंगीत टीव्ही, रेडिओ-कॅसेट प्लेअर मिळू लागले. त्या प्लेअरला आम्ही 'टू-इन-वन' म्हणायचो.

मी होतो त्या एका शाळेत टीव्ही आला तेव्हा त्याला हार घातला. मग तो लोखंडी कपाटात गेला. किल्ली मुख्याध्यापकांकडे, कारण साहित्य नोंदवहीत त्याची नोंद त्यांच्या सहीने होती आणि चोरी झाली तर भरपाई त्यांच्या पगारातून. त्यांचा दोष मी कधी मानला नाही. कार्यक्रमाची वेळ असायची तेव्हा वीज नसायची, वीज असायची तेव्हा वारा अँटेना फिरवून ठेवायचा. टू-इन-वन मात्र सेलवर चालायचा. तो मी वर्गात नेऊ लागलो.

त्याचा एक तास सांगतो. चौथीचा वर्ग, पक्ष्यांच्या आवाजांची कॅसेट. ऐकवण्याआधी मी फळ्यावर पाच नावं लिहिली आणि विचारलं, यातलं कोण आपल्या शिवारात आहे? मुलांनी टिटवी सांगितली, भारद्वाज सांगितला. एका तेलुगू बोलणाऱ्या घरच्या मुलीला पक्षी माहीत होता, त्याचं मराठी नाव येत नव्हतं. तिने तेलुगू नाव सांगितलं, आम्ही ते शेजारी लिहिलं. मग कॅसेट लावली. प्रत्येक आवाजानंतर थांबवायची, मुलांनी नक्कल करायची, आणि मग तो पक्षी कुठे, कोणत्या वेळी ओरडतो ते सांगायचं. सात-आठ मिनिटांची ध्वनिफीत आणि अख्खा तास संपला. पूर्वतयारी, श्रवण, अनुधावन असे शब्द आम्हाला पुस्तकात होते, ते त्या तासाला मला कळले. ती कॅसेट नुसती लावून मी हजेरीपट भरत बसलो असतो तर मुलं दुसऱ्या मिनिटाला खिडकीबाहेर पाहू लागली असती.

बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली. तीस वर्षांहून अधिक काळ मराठी मुलांसाठी कार्यक्रम करणारी, लेखक, चित्रकार, संगीतकार आणि शिक्षक एकत्र आणणारी ती संस्था होती. ती बंद करणं हे मराठी शिक्षणाचं मोठं नुकसान आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तीनच वर्षांनी करोनात शाळा बंद झाल्या आणि सगळ्यांना दूरदर्शनची आठवण झाली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागली. १ सप्टेंबरपासून तेलंगणात यादगिरी वाहिनी आणि टी-सॅटवरून पाठ सुरू झाले. टिलीमिलीत घरातलं आणि अंगणातलं साहित्य वापरून शिकवायची पद्धत होती, ती मला फार आवडली. पण सीमेवरच्या मुलाची अडचण इथेही होतीच. आदिलाबाद भागातल्या मराठी शाळेत शिकणाऱ्या पोराचं पाठ्यपुस्तक तेलंगणाचं. सह्याद्रीवर त्याला भाषा आपली मिळायची, पाठ मात्र महाराष्ट्राच्या बालभारतीच्या पुस्तकावरचे.

बासरच्या ट्रिपल आयटीकडे मी या सगळ्या अनुभवानंतर पाहतो. ती काढताना हेतू फार मोठा होता. एकत्र आंध्र प्रदेशात बासर, नूजवीड आणि इडुपुलपाया अशा तीन ठिकाणी प्रत्येकी दोन हजार मुलं घ्यायची होती. दोन वर्षं पूर्वशिक्षण आणि चार वर्षं बी.टेक., असा सहा वर्षांचा सलग अभ्यासक्रम. प्रवेश दहावीच्या गुणांवर, वेगळी परीक्षा नाही, म्हणजे कोचिंगच्या पैशाचा अडथळा नाही. सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांना गुणांत थोडी भरही दिली जायची. पहिले कुलपती राज रेड्डी, चित्तूर जिल्ह्यातल्या कातूर गावात जन्मलेले, १९९४ सालच्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. एवढ्या मुलांसाठी एकदम चांगले प्राध्यापक खेड्यात आणणं शक्य नव्हतं, म्हणून चांगलं शिकवणं पडद्यावरून न्यायचं असा तो विचार होता. मला तो विचार आजही योग्य वाटतो. बासरसारख्या गावात शेतमजुराची मुलगी उत्तम प्राध्यापकाचं व्याख्यान ऐकते, न कळलेला भाग पुन्हा मागे नेऊन बघते, हे धूळपाटीच्या वाटेवरचंच पुढचं पाऊल आहे.

२०१४ साली राज्य विभागलं आणि बासर तेलंगणाकडे राहिलं. जून २०२२ मध्ये तिथली हजारो मुलं आठवडाभर आवारात बसून राहिली. ऊन झालं, पाऊस झाला, ती उठली नाहीत. शांतपणे, रांगेत बसलेली ती मुलं वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी पाहिली. नियमित कुलगुरू नेमा, अध्यापकांची संख्या वाढवा, लॅपटॉप द्या, जेवण आणि वसतिगृह सुधारा, आणि हे विद्यापीठ ज्या पद्धतीसाठी काढलं त्या माहिती-तंत्रज्ञानाच्या पद्धतीने शिकवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. लॅपटॉप आणि अध्यापक त्यांनी एकाच कागदावर मागितले. पडद्याच्या बदल्यात माणूस किंवा माणसाच्या बदल्यात पडदा हा सौदा त्यांना मान्य नव्हता. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी ही गोष्ट मोठ्यांपेक्षा नेमकी मांडली.

आमच्या नांदेड जिल्ह्यात, आणि महाराष्ट्रभर, गावोगावच्या शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेपासून ही लाट उठली. लोकांनी पैसे दिले, प्रेमाने दिले. त्या वर्गणीचं चीज व्हावं म्हणून ग्रामपंचायतीच्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे. पडदा, प्रोजेक्टर किंवा टॅब घेण्याचा ठराव कराल तेव्हा त्याच ठरावात तीन नावं लिहा. तास सुरू होण्याआधी पाठ पाहून तयारी करणाऱ्या शिक्षकाचं, दुरुस्ती करणाऱ्याचं, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे राहील त्याचं. शाळेत शिक्षकाची जागा रिकामी असेल तर आधी ती भरण्याची मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी नोंदवा, आणि मग पडदा घ्या.