खाँसाहेबांचा आवाज आणि स्पीकरची वायर

साताऱ्याच्या घरी आजोबांच्या पेटीतून निघालेल्या एका ध्वनिमुद्रिकेच्या कागदी पाकिटावर दुकानाचा जांभळा शिक्का आहे. त्याखाली पत्ता: 'सांगली, जि. दक्षिण सातारा'. कालनिर्णयाचे इतके सोपे साधन क्वचितच हाती लागते. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा होऊन 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. शिक्का या अकरा वर्षांतला. आतली तबकडी मात्र खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची, आणि ते तर १९३७ मध्येच निवर्तले होते.

म्हणजे पाकिटाचा काळ एक, आवाजाचा दुसरा. या धाग्यात मला तिसऱ्या काळाविषयी लिहायचे आहे: ती तबकडी आज ज्या यंत्रावर वाजते त्या यंत्राच्या काळाविषयी. टर्नटेबल स्पीकरला जोडणे हे वरकरणी वायरीचे काम आहे. माझ्या मते ते साधनचिकित्सेचे काम आहे.

आधी खाँसाहेबांविषयी थोडे. जन्म उत्तर प्रदेशातील कैराना येथे, १८७२ चा. मिरजेत ते स्थायिक झाले. मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना २७ ऑक्टोबर १९३७ रोजी वाटेतील सिंगापेरुमाल कोईल स्थानकावर त्यांचे देहावसान झाले, तरी दफन झाले ते मिरजेतच, ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात. तेथील उरुसात गवई आजही हजेरी लावतात. किराणा घराण्याचे नाव कैरानाचे असले, तरी त्याचे दुसरे घर मिरज.

इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे भाग्य असे की त्यांचा आवाज दोन निराळ्या युगांत मुद्रित झाला. पहिल्यांदा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. तेव्हा ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. गायकाने पत्र्याच्या भोंग्यात तोंड घालून गायचे, त्या कंपनांनी पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणावर चर कोरायची. मंद्रातला भरणा आणि आवाजाची वरची झळाळी, दोन्ही भोंग्याच्या आवाक्याबाहेर राहत. पुढे १९२५ मध्ये पाश्चात्य कंपन्यांनी मायक्रोफोन आणि विद्युत् मुद्रण स्वीकारले. खाँसाहेब तीसच्या दशकात पुन्हा मुद्रणाला बसले ते मायक्रोफोनसमोर. झिंझोटीतील त्यांची प्रसिद्ध ठुमरी या दुसऱ्या खेपेची. माझ्याजवळची तबकडीही त्याच काळातली.

आता जोडणी. हल्ली घरोघरी असतात तसे, पोटातच अ‍ॅम्प्लिफायर असलेले स्पीकर मी टर्नटेबलला थेट जोडले. आवाज आला तो शेजारच्या घरात कोणी गात असावे इतका क्षीण. कारण साधे आहे. टर्नटेबलच्या पिकअपमधून जेमतेम पाच मिलिव्होल्टचा विद्युत्‌संकेत निघतो; अशा स्पीकरची अपेक्षा असते साधारण तीनशे मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिकाची. मधली तूट भरून काढतो तो 'फोनो प्रीअ‍ॅम्प'. तो काही टर्नटेबलांच्या आतच असतो आणि मागे 'फोनो' व 'लाइन' असे बटण असते. ते 'लाइन'कडे सरकवले आणि घर भरले. बारीक भूसंपर्काची तार, म्हणजे ग्राउंडची वायर, वेगळी असेल तर तीही जोडावी. नाहीतर खाँसाहेबांच्या षड्जाशेजारी विजेचा घुमारा दुसरा षड्ज लावून बसतो.

बहुतेक माहितीपत्रके येथे संपतात. खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो.

प्रीअ‍ॅम्प केवळ आवाज वाढवत नाही. तो आवाजाचा तोल बदलतो. तबकडी कोरताना खर्ज दाबून आणि तार भाग उचलून कोरतात. वाजवताना नेमके उलट करून मूळ तोल परत आणतात. या उलटापालटीचे प्रमाण अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने १९५४ मध्ये ठरवले आणि आजचे प्रत्येक सामान्य प्रीअ‍ॅम्प तेच प्रमाण पाळते. परंतु खाँसाहेब त्याआधी सतरा वर्षे गेले होते! त्यांच्या काळच्या विद्युत् मुद्रणात खर्ज दाबत, पण तार भाग फारसा उचलत नसत. भोंग्याच्या काळात तर जे आले ते आले. अशा तबकडीला १९५४ चे प्रमाण लावले की जे कधी उचललेच नव्हते तेही खाली दाबले जाते. १०,००० हर्ट्झला ही घट सुमारे १४ डेसिबल भरते. जुन्या तबकडीत इतक्या वर बहुतांशी खरखरच असते हे खरे. पण ही कात्री त्याच्या पुष्कळ खालपासून चालू झालेली असते आणि आवाजाची धार जाते. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांनी जी जवारी पिढ्यान्‌पिढ्या घासून साधली, तिचे तेज याच वरच्या प्रदेशात राहते.

तेव्हा जुन्या गवयाचा आवाज 'पातळ' किंवा 'दबलेला' होता, असे इंटरनेटवरील ध्वनिफीत ऐकून लिहिताना थांबावे. त्यातले कंठाचे किती, भोंग्याचे किती आणि प्रीअ‍ॅम्पचे किती?

सुईचेही तसेच. लाखेच्या जुन्या तबकडीचा चर रुंद. त्याला साधारण ०.०७६ मिलिमीटर अग्राची सुई लागते. एलपीची सुई याच्या चौथाईइतकी बारीक. ती चराच्या तळाशी जाऊन बसते आणि दशकांची धूळ वाचत राहते.

सर्वांत मोठा घोटाळा वेगाचा. '७८' हा आकडा पुढे स्थिरावला. प्रारंभीच्या तबकड्यांचा वेग मिनिटाला सुमारे ७० ते ८० फेऱ्यांच्या दरम्यान हलत असे. ७४ च्या वेगाने मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवली तर षड्ज जवळजवळ अर्धा स्वर वर चढतो, लय वाढते आणि तानही अधिक चपळ भासते. साथीला पेटी असेल तर षड्ज तिच्या पट्टीवर बसतो का ते पाहावे. पुरावा पक्का नव्हे, कारण जुन्या पेट्यांचे स्वर आजच्याशी जुळतीलच असे नाही. पण संशय घेण्यापुरता पुरेसा आहे.

या संदर्भात एक तबकडी हेवा वाटावा अशी आहे. सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीतून अंतराळात गेली. त्या तबकडीसोबत सुई आणि पिकअप पाठवले आहेत आणि आवरणावर सुई कशी ठेवावी व वेग किती असावा हे आकृतीने कोरले आहे. परग्रहवासीयाला जी सोय मिळाली, ती साताऱ्यातल्या नातवाला मिळालेली नाही.

मी शेवटी रुंद सुई घेतली. मुद्रण एकपदरी असल्याने डावी-उजवी वाहिनी एकत्र केली. त्याने खरखर बरीच उतरली. मग आवाज संगणकात घेऊन १९५४ चे प्रमाण उलटवले आणि त्या काळाला जवळचा तोल लावला. आवाज उघडला. खरखर थोडी परतली, ती राहू दिली.

सुई, वेग आणि तोल यांची नोंद एका चिठ्ठीवर लिहून, खाली आजची तारीख घालून, ती जांभळ्या शिक्क्याच्या पाकिटात ठेवली आहे.