एक लाख कोंबड्या आणि कोकणातला पाऊस
स्वयंचलित पिंजरा पद्धतीचा अंडी प्रकल्प अलोऱ्यात उभारायचा झाल्यास आराखड्यात काय काय पाहावे लागेल?

अलोरे (ता. चिपळूण) : महाराष्ट्राला दररोज सव्वादोन कोटींहून अधिक अंडी लागतात आणि राज्यातील उत्पादन एक ते सव्वा कोटीच्या घरात आहे, असे चित्र राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मांडले होते. उरलेली कोटभर अंडी कर्नाटक, तेलंगणा आणि तामिळनाडूतून ट्रकांनी येतात. ही तूट कमी करण्यासाठी पन्नास व्हाइट लेगहॉर्न कोंबड्या आणि पिंजरे २१ हजार रुपयांच्या सवलतीच्या दरात देण्याचा प्रस्ताव विभागाने त्याच वेळी पुढे केला. हेतू चांगला असला तरी हिशेब अवघड आहे. पन्नास कोंबड्यांपासून दिवसाला चाळीसच्या आसपास अंडी मिळतात. म्हणजे एक कोटीची तूट याच मार्गाने भरायची तर अडीच लाख कुटुंबांना कोंबड्या पाळाव्या लागतील. म्हणूनच एका छपराखाली लाखभर कोंबड्या सांभाळणाऱ्या स्वयंचलित प्रकल्पांचा विचार पुन्हा पुन्हा समोर येतो.

या व्यवसायाची एक मोठी पेठ महाराष्ट्रातच आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचा कारभार पुण्यातून चालतो. देशातील बहुसंख्य व्यापारी फार्मांवर दिसणारी ‘बीव्ही ३००’ ही पांढरी कोंबडी याच समूहाची. अंड्याचे दैनंदिन दर सुचविणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समितीही राव यांच्याच पुढाकाराने १९८२ मध्ये उभी राहिली. तरीही राज्यातील मोठे अंडी उत्पादन कोरड्या हवेच्या पट्ट्यांत राहिले. घाटाखालच्या कोकणाकडे ते फारसे वळले नाही. यामागे उदासीनता थोडी आणि हवामान अधिक आहे.

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, वाशिष्ठीच्या खोऱ्यात वसलेले अलोरे कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या वसाहतीमुळे राज्याला माहीत झाले. शेजारी कोळकेवाडी धरण आहे आणि त्याच्या पायथ्याशी ३२० मेगावॉटचा तिसरा टप्पा. पाणी, वीज आणि हमरस्ता या तिन्ही गोष्टी हाताशी असलेली जागा कोकणात सहज सापडत नाही. कागदावर पाहता एक लाख कोंबड्यांच्या प्रकल्पाला ती उत्तम वाटावी. आराखड्याचे काम मात्र इथूनच सुरू होते.

यंत्राचे काम सोपे

अमेरिकेत १९३८ मध्ये डेविट बंधूंनी कोंबड्यांना आपोआप खाद्य पुरविणारे यंत्र बाजारात आणले. आजचे स्वयंचलित पिंजरे त्याच कल्पनेचा विस्तार होत. एकावर एक पाच-सहा मजले रचलेल्या पिंजऱ्यांच्या लांब रांगा असतात. समोरून खाद्याची पन्हळ जाते, वरच्या नळीतल्या निपलला चोच लावली की पाणी मिळते, पिंजऱ्याचा तळ किंचित उतरता असल्याने अंडे घरंगळत पट्ट्यावर येते आणि पट्टा ते थेट प्रतवारीच्या खोलीत नेतो. प्रत्येक मजल्याखाली विष्ठेसाठी वेगळा पट्टा असतो.

एक लाख कोंबड्यांचे असे शेड साधारण १०० मीटर लांब आणि १५-१६ मीटर रुंद होते. एक कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे शेडला रोज ११ टन खाद्य लागते. पाणी २० ते २५ हजार लिटर. उन्हाळ्यात त्याहून अधिक. कोंबड्या भरात असताना रोज ९० हजार अंडी, म्हणजे तीस अंड्यांचे तीन हजार ट्रे बाहेर पडतात. एवढा व्याप चार-पाच माणसे सांभाळू शकतात. गावात मोठ्या रोजगाराची अपेक्षा ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच लक्षात घेतलेली बरी. काम मिळेल ते प्रतवारी, बांधणी, वाहतूक आणि खताच्या व्यवहारात.

पिंजरा निवडताना पहिला प्रश्न एका कोंबडीला किती जागा द्यायची, हा असतो. आपल्याकडे ४५० चौरस सेंटिमीटरचा हिशेब दीर्घकाळ रूढ होता. वाचकांच्या हातातल्या दैनिकाच्या एका पानावर अशा चार-पाच कोंबड्या सहज उभ्या राहतील. विधी आयोगाने जुलै २०१७ मधील आपल्या २६९ व्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली आणि २०१९ मधील केंद्राच्या मसुदा नियमांत ५५० चौरस सेंटिमीटरचा आकडा आला. युरोपीय संघाने तर साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. तेथे सुधारित पिंजऱ्यातही प्रत्येक कोंबडीला ७५० चौरस सेंटिमीटर द्यावे लागतात. हा दयेचा प्रश्न आहेच, शिवाय कर्जाच्या हप्त्याचाही आहे. ४५० च्या मापाने लाख कोंबड्यांसाठी घेतलेल्या पिंजऱ्यांत ५५० च्या मापाने सुमारे ८२ हजार आणि ७५० च्या मापाने ६० हजारच कोंबड्या मावतात. पिंजरा पंधरा-वीस वर्षे वापरायचा असतो. तेव्हा आज जुन्या मापावर फायद्याचे गणित बसविणारा आराखडा उद्या त्याच मापात अडकतो.

हवा, पाणी आणि विष्ठा

दीड किलोची अंड्यावरची कोंबडी सुमारे दहा वॉट उष्णता बाहेर टाकते. एका शेडमध्ये लाख कोंबड्या म्हणजे एक मेगावॉटची शेगडी रात्रंदिवस पेटलेली. ही उष्णता बाहेर काढण्यासाठी शेडच्या एका टोकाला २० ते २५ मोठे पंखे आणि दुसऱ्या टोकाला पाण्याने भिजवलेले पुठ्ठ्याचे जाड पॅड बसवतात. पंखे हवा ओढतात आणि ओल्या पॅडमधून येताना ती गार होते. तत्त्व घरच्या डेझर्ट कूलरचेच.

सोलापूरकडे एप्रिलमध्ये तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर पॅडमधून येणारी हवा २६ अंशांपर्यंत उतरते. चिपळूणकडे मे महिन्यात ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरली, तर तीच यंत्रणा जेमतेम साडेचार अंशांचा फरक पाडते आणि आत येणारी हवा जवळजवळ ओलीचिंब असते. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून, श्वासातून पाणी उडवून अंग गार ठेवते. ओल्या हवेत तोही मार्ग मंदावतो. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या प्रकल्पाचा नकाशा जसाच्या तसा खाली आणणे धोक्याचे ठरते. कोकणात भर पॅडवर न देता वाऱ्याच्या वेगावर, म्हणजे पंख्यांच्या संख्येवर आणि छपराच्या उष्णतारोधनावर द्यावा लागतो.

जून उजाडला की उन्हाचा प्रश्न मिटतो आणि खरी परीक्षा सुरू होते. लाख कोंबड्या रोज दहा ते बारा टन ताजी विष्ठा टाकतात आणि तिच्यात तीन चतुर्थांश पाणी असते. कोरड्या प्रदेशात पट्ट्यावर हवा खेळवून ती दोन-चार दिवसांत बरीच वाळते. सह्याद्रीच्या पायथ्याशी आषाढ-श्रावणात हवाच ओली असल्याने वाळवणार कशाने? ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. हवेत त्याचे प्रमाण दहा लाखांत २५ भागांच्या वर गेले की कोंबड्यांचे डोळे व श्वासनलिका बिघडतात आणि पिंजऱ्याच्या तारेवरचा जस्ताचा थरही झिजतो. उबदार ओलीत माशीची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. शेजारच्या वाड्यांशी भांडणाची पहिली ठिणगी बहुधा या माशीमुळेच पडते. म्हणून पावसाळ्यात पट्टा रोज, फार तर एक दिवसाआड फिरवावा लागतो.

पट्ट्याने काढलेली विष्ठा ठेवायची कोठे, हे बहुतेक प्रकल्प अहवालांत एका ओळीत उरकले जाते. वास्तविक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बाराशे टनांहून अधिक माल जमतो. आंबा-काजूच्या बागांना खत हवे असते, पण ते पावसाच्या तोंडावर; ऐन पावसात ओला माल बागेपर्यंत नेणे परवडत नाही. तेव्हा पक्के छप्पर, पक्का तळ आणि भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा मिसळून कुजविण्याची सोय, हा खर्च पिंजऱ्यांइतकाच आवश्यक मानावा लागतो. उघड्यावरचा ढीग पहिल्या मोठ्या सरीत वाशिष्ठीत उतरेल आणि पुढे चिपळूण शहर त्याच नदीकाठी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये दिलेल्या आदेशानंतर पाच हजारांहून अधिक पक्ष्यांच्या फार्मांना प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेणे भाग पडले, त्याचे कारणही हेच.

घाट बंद झाला तर

कोकणात भात पिकतो, मका-सोयाबीन नाही. खाद्याचा मोठा भाग घाटावरून येणार. पावसाळ्यात दरडी कोसळल्या की कुंभार्ली घाट अडतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पुरात बुडाले, तेव्हा खालचे रस्तेही तुटले होते. अशा वेळी अकरा टनांचा रोजचा घास आणायचा कोठून? दहा दिवसांचा साठा म्हणजे ११० टनांचे सायलो. साठा कमी ठेवला तर कोंबड्या उपाशी राहतात आणि दोन-तीन दिवसांच्या उपासाने अंडी बंद होऊन पिसे गळू लागतात. जास्त ठेवला तर दमट हवेत मक्याला बुरशी धरते आणि तिचे विष यकृतावर बसते. यातून मार्ग एकच, मका १२ टक्क्यांच्या आसपास वाळलेलाच घ्यायचा आणि सायलो दोन-तीन ठेवून जुना माल आधी संपवायचा.

विजेचे मात्र दिव्याखाली अंधार असे होऊ शकते. कोयनेची वीज येथे तयार होते म्हणून गावच्या वाहिनीवर झाड पडत नाही, असे नाही. बंद शेडमधले पंखे थांबले तर काही मिनिटांत हवा कोंदते आणि उन्हाळ्याच्या दुपारी अर्ध्या-पाऊण तासात हजारोंनी कोंबड्या दगावू शकतात. पंख्यांचा भार तीसेक किलोवॉटचाच, म्हणजे जनित्र फार मोठे लागत नाही. पण ती दोन हवीत, आपोआप सुरू होणारी हवीत आणि वीज गेल्यावर झरोके स्वतःहून उघडतील अशी व्यवस्था हवी. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप या खोऱ्याने अनुभवला आहे. सहा मजली पिंजऱ्यांचे सांगाडे जमिनीला आणि एकमेकांना नीट जखडणे येथे ऐच्छिक राहत नाही.

रोगाचा धडा नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरने दिला. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये तेथेच निश्चित झाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथील फार्मांवर तो पुन्हा आला. जवळजवळ असलेल्या फार्मांमध्ये एकाची आपत्ती सर्वांची होते. अलोऱ्याच्या परिसरात अशी दाटी नाही, ही खरी जमेची बाजू आहे आणि पहिला प्रकल्प यशस्वी झाला की तीच प्रथम नाहीशी होण्याची शक्यता आहे. एकाच शेडमध्ये एकाच वयाच्या कोंबड्या ठेवणे, अंडी संपल्यावर सर्व एकदम काढून शेड तीन-चार आठवडे रिकामे व निर्जंतुक ठेवणे, बाहेरचे ट्रे व गाड्या आत न घेणे, हे नियम येथेही सुटत नाहीत.

पिल्लांचे संगोपन स्वतः करायचे की तयार तलंगा विकत घ्यायच्या, हा निर्णय शेडच्या संख्येवर ठरतो. पिल्लू सोळा आठवड्यांत तलंग होते, तर अंड्यांचे शेड साठ आठवड्यांहून अधिक काळ भरलेले राहते. एक संगोपन शेड तीन अंडी शेडना पुरते. एकाच शेडने सुरुवात करणाऱ्याने संगोपन शेड बांधले, तर ते बहुतेक वर्षभर रिकामे राहील आणि व्याज चालूच असेल. अलोऱ्यात पहिल्या टप्प्यात तलंगा विकत घेणेच शहाणपणाचे. तो टप्पाही लाखाऐवजी पंचवीस-तीस हजारांचा ठेवून, खताची शेड आणि सायलो मात्र पुढच्या विस्ताराच्या मापाचे बांधणे अधिक सुरक्षित दिसते.

कामाचे वेळापत्रकही पावसावरच बेतावे लागते. जमीन सपाट करणे आणि पाया नोव्हेंबर ते मे, उतारावरची माती धरून ठेवणारी भिंत त्याच हंगामात, पुढच्या दिवाळीनंतर तलंगा आत. म्हणजे पहिला पावसाळा येईल तेव्हा कोंबड्या पंचेचाळीस आठवड्यांच्या पुढे गेलेल्या, ऐन भराचा काळ ओलांडलेल्या आणि आतल्या हवेला सरावलेल्या असतील. मृगापूर्वीच्या पंधरवड्यात मुख्य वाहिनी मुद्दाम बंद करून दोन्ही जनित्रे भर दुपारी चालवून पाहावीत, सायलो भरून घ्यावेत आणि खताच्या शेडमधला मागचा सगळा माल बागायतदारांकडे रवाना करावा.