मल्लापूर : नगरात विरलेले खेडे

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातून आज जाणाऱ्याला तेथे कधीकाळी खेडे होते, हे सांगूनही पटणार नाही. परंतु काडू मल्लेश्वराच्या देवळातील कानडी शिलालेख त्याची साक्ष देतो. ‘काडू’ म्हणजे रान. रानातल्या या देवाच्या गावाचे नाव मल्लापूर.

लेख १६६९ सालचा आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या मागे ती जहागीर एकोजीराजांकडे, म्हणजे शिवछत्रपतींच्या सावत्र बंधूंकडे, आली. बंगळूरच्या महानाडाने, म्हणजे तेथील प्रमुख जनांच्या सभेने, विनंती केली. तीवरून एकोजींनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लापूरच्या देवाला इनाम दिले. दाता मराठा, पण लेख कानडीत; कारण तो वाचावयाचा होता तेथल्या प्रजेने.

पुढे एकोजी तंजावरास स्थिरावले आणि बंगळूर म्हैसूरच्या राज्यात गेले. मल्लापूरचे रूप पालटले ते मात्र कोणा राजामुळे नव्हे, तर प्लेगमुळे. १८९८ साली दाट वस्तीच्या पेठांत ही साथ शिरली. शहर व छावणी मिळून १८९१ साली १,८०,३६६ असलेली लोकसंख्या १९०१ च्या खानेसुमारीत १,५९,०४६ वर आली. मोकळ्या हवेच्या ओढीने माणसे पेठांबाहेर पडली आणि मल्लेश्वरमच्या आखीव रस्त्यांवर घरे उठली.

गावाचे नाव मागे पडले, देवाचे नाव वस्तीला लाभले. एका इनामामुळे दोन खेडी तेवढी शिळेवर राहिली.