बांध कुणाचा, परवानगी कुणाची? साष्टीतल्या शिकारीची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आम्ही साष्टीतल्या खोतांबद्दल बोललो होतो. ते संपल्यावर मागच्या रांगेतले एक आजोबा उठले आणि म्हणाले, "साहेबलोक घोडे घेऊन इकडे शिकारीला यायचे, असं तुम्ही मघाशी म्हणालात. ते कुणाला विचारून यायचे?" वेळ संपत आली होती, तेव्हा "पुढच्या वेळी सांगतो" म्हणून आम्ही सुटका करून घेतली. खरं सांगायचं तर उत्तरच तयार नव्हतं. आजचं व्याख्यान त्या एका प्रश्नावर आहे.

आधी जागा डोळ्यांपुढे आणू. आज आपण बसलोय ती अंधेरी १९ व्या शतकात मुंबईत नव्हती. मुंबई माहीमच्या खाडीला संपायची. खाडीपलीकडे साष्टी, आणि साष्टी ठाणे जिल्ह्यात. १७३९ मध्ये मराठ्यांनी ती पोर्तुगीजांकडून घेतली, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. आंबोली, मरोळ, चकाला, ओशिवरा, मजास, वेसावे ही सगळी गावं. खालच्या अंगाला भातखाचरं, खाडीकडे खाजणं आणि मिठागरं, पूर्वेला डोंगर आणि रान. भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल पेरायचा. खाचराला आकार देतो तो बांध. बांध फुटला तर पुढच्या पावसात पाणी टिकत नाही, आणि पाणी टिकलं नाही तर लावणी कसली करता? हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळा मामला बांधाचाच आहे.

१८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, आवाबाई जमशेटजींच्या पैशातून. पुढे रेल्वे आली, आणि १८६७ पासून शहरातून लोकल गाडी सुरू झाली. शहरातल्या हौशी माणसाला साष्टी म्हणजे हाकेच्या अंतरावरचं मोकळं रान झालं. मुंबईतल्या इंग्रजांनी वर्गणी काढून शिकारी कुत्र्यांचा तांडा पाळला होता. इंग्लंडमध्ये हा खेळ २००५ मध्ये बंदी येईपर्यंत खोकडामागे चालायचा. खोकड म्हणजे आपल्या कोल्ह्याहून लहान, झुपकेदार शेपटीचं जनावर. इथे त्याच्या जागी कोल्हा आला. हिवाळ्यात, दिवस तापायच्या आत, पुढे कुत्रे, मागे घोडेस्वार. यात बंदूक नसते. कुत्र्यांनी वास धरायचा आणि कोल्हा नेईल तिकडे सगळ्यांनी धावायचं.

आता गंमत बघा. या शिकारीत वाट शिकारी ठरवत नाही, कोल्हा ठरवतो. कोल्ह्याला सातबारा कळत नाही! (हशा) त्यामुळे "आम्ही अमक्याच्या शेतात जाणार आहोत, परवानगी द्या" असं आधी विचारणं जवळपास अशक्य. या खेळाच्या पोटातच दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं आहे. आणि हिवाळा म्हणजे नेमका कोणता काळ? कुठे भाताच्या उडव्या रचलेल्या, कुठे वाल फुलावर आलेला.

मग इंग्लंडमध्ये हे कसं चालायचं? तिथे शेतकरी गप्प बसत होते का? नाही. १७८६ मध्ये तिथल्या न्यायालयापुढे एक खटला आला. शिकाऱ्याची बाजू अशी, की खोकड हे उपद्रवी जनावर, कोंबड्या-कोकरं पळवतं, त्याला मारणं हे सगळ्यांच्या हिताचं. तेव्हा त्याच्यामागे शेतात शिरलो तर काय बिघडलं? न्यायालयाने ते मान्य केलं होतं. पण १८७८ मध्ये 'पॉल विरुद्ध समरहेज' या खटल्यात चित्र पालटलं. शेतात येऊ नका असं स्पष्ट सांगूनही शिकारी घुसले आणि मारामारी झाली. या वेळी न्यायालय म्हणालं, की तुम्ही खेळासाठी धावत होता, उपद्रव मिटवायला नव्हे. आणि खेळ म्हणून कुणाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या जमिनीत शिरण्याचा हक्क कुणालाही नाही. म्हणजे १८७८ नंतर इंग्लंडमधला साधा शेतकरी फाटकात उभा राहून सरदाराच्या घोड्याला "मागे फिर" म्हणू शकत होता, आणि कायदा त्याच्या बाजूने होता.

त्याच वर्षी, १८७८ मध्येच, आपल्याकडे हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला, युरोपियनांना त्यातून सूट. वालाच्या शेतात रानडुक्कर शिरलं तर शेतकऱ्याने डबा वाजवायचा, आणि साहेबाने मात्र बंदूक खांद्याला लावून त्याच बांधावरून पाणलावे मारत जायचं. पाणलावा हा पाहुणा पक्षी थंडीत चिखलाच्या भातखाचरांतच उतरतो, त्यामुळे बंदुकीची शिकारही पुन्हा शेतातच. छावण्यांतल्या गोऱ्या शिपायांना शिकारीचे पास मिळायचे. त्यावरून हिंदुस्थानभर गावोगाव इतक्या मारामाऱ्या झाल्या, माणसं जखमी झाली, मेली, की पासासोबत नियम द्यावे लागले: गावाजवळ मोर मारू नका, गावकऱ्यांशी भांडू नका, वगैरे. नियम करावे लागले, यावरूनच काय चाललं होतं ते कळतं.

बरं, कायद्याच्या पुस्तकात साष्टीतल्या शेतकऱ्याच्या हातात काय होतं? इथे आम्हाला थोडं थांबायचंय.

पहिलं पुस्तक १८६० ची दंडसंहिता. तिच्यातलं ४४१ कलम, फौजदारी अतिक्रमण. आपल्याला वाटतं, परवानगीशिवाय आत आला की झाला गुन्हा. बंगल्यांवर पाट्याही तशाच असतात. पण कलम तसं म्हणत नाही. नुसतं आत येणं हा गुन्हा नाही. गुन्हा करण्याच्या, किंवा ताबेदाराला धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या, त्रास देण्याच्या उद्देशाने आत येणं हा गुन्हा. कोल्ह्यामागे धावणारा साहेब म्हणणार, "माझा उद्देश कोल्हा, तुला त्रास द्यायचा माझा उद्देशच नाही." संपलं. उरला दिवाणी दावा. पाच-दहा रुपयांच्या वालासाठी कोण ठाण्याच्या कोर्टात खेटे घालणार? पण या कलमातला एक शब्द लक्षात ठेवा. कलम 'मालक' म्हणत नाही; ज्याच्या ताब्यात मालमत्ता आहे तो, असं म्हणतं. भारतीय न्याय संहितेतही ही व्याख्या जवळपास जशीच्या तशी आली आहे.

दुसरं पुस्तक आम्हाला जास्त आवडतं. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा, म्हणजे आपला कोंडवाड्याचा कायदा. दुसऱ्याची गुरं शेतात शिरून नुकसान करत असतील तर ती धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवायची. जनावराच्या धन्याने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवून न्यायची. हा कायदा इलाख्यांच्या राजधानीच्या शहरांना लागू नव्हता. म्हणजे माहीमच्या अलीकडे नाही, पलीकडे साष्टीत आहे. आता यात 'गुरं' म्हणजे काय? व्याख्या वाचा: हत्ती, उंट, म्हशी आणि त्याबरोबर घोडे, घोड्या, तट्टं, शिंगरं, खेचरं, गाढवं. घोडा आहे! पाठीवर स्वार असला तर घोडा गुरांतून वजा होतो, असं व्याख्येत कुठेही लिहिलेलं नाही. कागदावर वाचलं तर ज्याच्या वालात साहेबाचा घोडा नाचला, तो शेतकरी घोड्याला कोंडवाड्याची वाट दाखवू शकत होता. स्वार बसलेला घोडा धरायला गेला असता तर वकिलांनी कीस काढला असता हे खरं, आणि त्याआधी चाबूक पाठीवर आला असता हेही खरं. कुत्रे मात्र यादीत नाहीत. कुत्र्यांचा तांडा शेतातून गेला तर या कायद्यात काहीच इलाज नाही.

आणि गुरं धरण्याचा हक्क कुणाला? जमीन कसणाऱ्याला किंवा ती वहिवाटणाऱ्याला. इथेही पहिला हक्कदार कसणारा.

हे का महत्त्वाचं, ते आता खोतांकडे वळलं की समजेल. मागच्या वेळी आपण पाहिलं, की कंपनी सरकारने साष्टीतली गावंच्या गावं मुंबईतल्या धनिकांना दिली. पवई १८२९ मध्ये फ्रामजी कावसजींकडे आली. मालाड-बोरिवलीकडची गावं १८३० च्या सुमारास बैरामजी जीजीभॉयांकडे गेली. कुर्ल्याकडे वाडिया. कागदावर गावाचा धनी खोत, आणि तो राहणार कोटात नाहीतर मलबार हिलला. बांध घालणारा, राब भाजणारा, लावणी करणारा आगरी, कुणबी, वारली नाहीतर इथला ईस्ट इंडियन ख्रिस्ती. तो कूळ.

आता आजोबांचा प्रश्न पुन्हा घ्या. साहेब विचारणार असलाच, तर कुणाला विचारणार? खोताला. खोत आणि साहेब एकाच शहरातले, एकाच टेबलावर जेवणारे. खोत म्हणणार, "अवश्य या." त्याचं काय गेलं? बांध तुडवला गेला तरी खोताचा सारा कमी होत नव्हता. परवानगी देणारा एक, नुकसान सोसणारा दुसरा. त्यामुळे "जमीनमालकाचा मान राखा" हे वाक्य आम्हाला थोडं सावधपणे घ्यावंसं वाटतं. साष्टीत मालकाचा मान पुष्कळ राखला गेला असेल. कसणाऱ्याचा राखला गेला का, हा प्रश्न उरतो.

याच महाराष्ट्रात दोनशे वर्षं आधी चिपळूणजवळ छावणी टाकून बसलेल्या आपल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी पत्र लिहिलं होतं, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. दाणा, गवत, लाकूड, भाजीसुद्धा कुणब्याकडून जबरदस्तीने घेऊ नका. लागेल ते बाजारात विकत घ्या. नाहीतर लोक म्हणतील, यापेक्षा मोगल बरे. त्या पत्रात जमीन कुणाच्या नावावर आहे याची चौकशी नाही. ज्याच्या अंगणातलं गवत, त्याचं गवत. ते पत्र लिहावं लागलं, म्हणजे आपले स्वारही काही संत नव्हते, हेही लक्षात घ्या. घोड्यावर बसलेल्या माणसाला बांध दिसत नाही, मग तो कुणाचाही असो.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगतो. साष्टीतल्या इस्टेटींचा कायदा १९५१ मध्ये झाला. खोतांची साऱ्याची माफी गेली, आणि १४ ऑगस्ट १९५१ पर्यंत वापरात न आणलेली पडीक जमीन सरकारजमा झाली. १९५७ चा कृषक दिन आला, १ एप्रिल. राज्यात पुष्कळ ठिकाणी कूळ मालक झालं. अंधेरीत नाही. अंधेरी तोवर बृहन्मुंबईत आली होती, आणि महापालिकेच्या हद्दीतल्या जमिनींना ती कलमं लागू नव्हती. आमच्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वात कडू भाग हाच आहे. शेत राहिलं असतं तर कूळ मालक झालं असतं; शहर आलं म्हणून राहिलं.

मग आला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होते, आणि परवानेधारकाने काय करू नये याची यादी होती. मोटारीतून शिकार करू नये वगैरे. तिच्यात एक अट अशी, की सरकारी नसलेल्या जमिनीवर मालकाच्या, त्याच्या मुखत्याराच्या किंवा कायदेशीर वहिवाटदाराच्या संमतीशिवाय शिकार करू नये. अखेर कायद्याने स्पष्ट सांगितलं, शिकाऱ्या, आधी विचार. पण तो 'किंवा' बघा. तिघांपैकी एकाची संमती पुरेशी. खोताने हो म्हटलं तर कुळाने नाही म्हणून उपयोग काय? आम्हाला तिथे 'आणि' हवा होता. पुढे १९९१ च्या दुरुस्तीत परवान्याची शिकारच गेली, आणि तिच्याबरोबर ही अटही. फार थोडी वर्षं टिकलेलं वाक्य.

आज उलटं झालंय. रानात हिंडणारं जनावर शेतात आलं म्हणून शेतकऱ्याचं होत नाही, आणि मारलं तर ते सरकारची मालमत्ता ठरतं. रानडुकराने उभं पीक लोळवलं, तर स्वतःच्या शेतात त्याला मारायला शेतकऱ्यानेच कलम ११ खाली वन खात्याकडे परवानगीसाठी जायचं. एकेकाळी शिकाऱ्याने शेतकऱ्याला विचारायला हवं होतं, तो विचारत नव्हता. आता शेतकरी विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत हंगाम संपतो, अशी तक्रार आम्ही कोकणात आणि विदर्भात दोन्हीकडे ऐकली आहे. त्या कायद्याची गरज आम्ही नाकारत नाही. त्याच्याशिवाय आपल्या पूर्वेच्या डोंगरात बिबटे राहिले नसते, आणि खाडीकडच्या तिवरांत कोल्हे अजून आहेत तेही राहिले नसते.

आजोबा, आज आला असाल तर तुमचं उत्तर असं: विचारलं असेलच तर खोताला विचारलं असेल. तुमच्या आजोबांना विचारलं असण्याचा संभव फार कमी. आता दहा मिनिटं आहेत, कुणाच्या घरी खोताच्या पावत्या किंवा कुळाची जुनी कागदपत्रं असतील त्यांनी आधी हात वर करा.