गडचिरोलीत बसून मुंबईच्या स्टुडिओतला संगणक चालवता येतो का? व्हीएफएक्सचं 'रिमोट' काम चालतं तरी कसं?

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राच्या परिसरातून निघणारी एक वीजवाहिनी थेट मुंबईजवळच्या पडघ्याला जाते. ७५२ किलोमीटर लांबीची ही एचव्हीडीसी वाहिनी १९९९ पासून सुरू आहे आणि १५०० मेगावॉट वीज वाहून नेऊ शकते. म्हणजे चंद्रपूरची ताकद मुंबईत वापरायची सोय होऊन पंचवीस वर्षं उलटली.

उलटा प्रवास शक्य आहे का? मुंबईत ठेवलेल्या ताकदवान संगणकाची शक्ती चंद्रपूर, बल्लारपूर किंवा अहेरीत बसलेल्या मुलामुलींना वापरता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या उत्तर 'हो' असं आहे. पण हे 'हो' चंद्रपूर शहरासाठी वेगळं आणि भामरागडसाठी वेगळं आहे.

फाइल जागेवरच राहते

चित्रपटातला वाघ, कोसळणारा किल्ला किंवा नायकाच्या पाठीला लावलेली दोरी पुसून टाकणं, हे सगळं व्हीएफएक्सचं काम. त्याच्या फाइल अवाढव्य असतात. ४के दर्जाची एकच फ्रेम, दाबून लहान न करता साठवली, तर साधारण ५३ मेगाबाइटची होते. एका सेकंदात २४ फ्रेम. म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटचा एक थर झाला ६ जीबीच्या वर आणि एका शॉटमध्ये असे डझनावारी थर असू शकतात. २० एमबीपीएसच्या इंटरनेटवर हा एक थर उतरवायलाच चाळीस मिनिटं जातील.

म्हणून स्टुडिओ फाइल पाठवतच नाहीत. ते पाठवतात फक्त स्क्रीनचं चित्र.

संगणक स्टुडिओच्या सर्व्हर रूममध्येच राहतो. त्याच्या स्क्रीनवर जे दिसतं ते दाबून, लहान करून, सतत कलाकाराच्या घरी पाठवलं जातं. कलाकाराचा माउस, कीबोर्ड आणि पेन यांच्या हालचाली उलट दिशेने जातात. घरच्या टेबलावर असतो तो एक छोटा डबा, ज्याला 'झिरो क्लायंट' म्हणतात, किंवा साधा लॅपटॉप. क्रिकेटचा सामना मोबाइलवर लाइव्ह पाहावा तसंच हे. फरक इतकाच की इथे बॅट आपल्या हातात असते.

यासाठी जगभरात वापरलं गेलेलं एक तंत्र म्हणजे 'पीसीओआयपी'. कॅनडातल्या टेराडिसी या कंपनीने ते विकसित केलं आणि २०२१ मध्ये ही कंपनी एचपीने विकत घेतली. त्याची एक खुबी आहे. चित्र हलत असताना थोडं धूसर आलं तरी चालतं, पण ते थांबलं की काही क्षणांत मूळ चित्राइतकं तंतोतंत होतं. रोटोस्कोपीत केसांच्या कडेने रेघ ओढणाऱ्याला हेच हवं असतं.

सवय लागली ती २०२० मध्ये

हे तंत्र जुनंच आहे, पण स्टुडिओ ते घरापर्यंत न्यायला तयार नव्हते. कारण चोरीची भीती. प्रदर्शनाआधी चित्रपटाचा एक तुकडा जरी बाहेर गेला तरी कंत्राट जातं. हॉलिवूडचं काम करणाऱ्या स्टुडिओंना सुरक्षेची तपासणी द्यावी लागते. त्यासाठी २०१८ मध्ये 'ट्रस्टेड पार्टनर नेटवर्क' ही व्यवस्था उभी राहिली. कामाच्या संगणकाला इंटरनेट नाही, यूएसबी बंद, मोबाइल बाहेर ठेवायचा, असा खाक्या होता.

मग २५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाउन लागला. मुंबई हे या कामाचं मोठं केंद्र. डीएनईजीचा मोठा विभाग इथे आहे. नमित मल्होत्रा यांच्या प्राइम फोकसमध्ये २०१४ साली लंडनची 'डबल निगेटिव्ह' विलीन झाली, तीच ही कंपनी. जे वर्षानुवर्षं 'शक्य नाही' म्हटलं जात होतं ते जगभरातल्या स्टुडिओंनी काही आठवड्यांत करून दाखवलं. निर्मात्यांनाही पर्याय नव्हता. स्क्रीनचं चित्रच बाहेर जातंय, फाइल आत आहे, हा युक्तिवाद तेव्हा पटला.

सर्व्हर रूममध्ये काय काय लागतं?

नुसते संगणक रॅकमध्ये रचून भागत नाही. सकाळी कुणी लॉगिन केलं की त्याला कुठला संगणक द्यायचा हे ठरवणारं सॉफ्टवेअर लागतं. त्याला 'ब्रोकर' म्हणतात, आणि तो बंद पडला की सगळेच घरी रिकामे बसतात. बाहेरून येणारी प्रत्येक जोडणी एका सुरक्षित दारातून, पासवर्ड आणि मोबाइलवरचा कोड या दोन्ही खात्र्या करून आत घेतली जाते. कॉपी-पेस्ट आणि यूएसबी बंद ठेवतात. कित्येकदा स्क्रीनवर कलाकाराच्या नावाची पुसट खूणही उमटवतात, म्हणजे कुणी मोबाइलने फोटो काढला तर तो कुणाच्या स्क्रीनचा हे कळावं.

याशिवाय सगळ्यांची सामायिक साठवण, सॉफ्टवेअरचे परवाने सांभाळणारा सर्व्हर आणि रात्रभर फ्रेम तयार करत बसणारी रेंडर फार्म हे सगळं शक्यतो एकाच छताखाली हवं. संगणक मुंबईत आणि फाइल दुसऱ्याच शहरात, असं झालं की मूळ अडचण परत दारात.

खरा प्रश्न स्पीडचा नाही

घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे म्हणजे काम होईल, हा सर्वात मोठा गैरसमज. स्क्रीनचं चित्र यायला एका मॉनिटरला साधारण १० ते ३० एमबीपीएस पुरतात. अपलोड तर नगण्य लागतो. महत्त्वाचं असतं ते पेन हलवल्यापासून रेघ दिसेपर्यंत जाणारा वेळ, आणि तो वेळ स्थिर असणं.

प्रकाश फायबरमधून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. चंद्रपूर ते मुंबई तारेचा मार्ग हजार किलोमीटर धरला तरी जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. मधली उपकरणं धरून ३०-४० मिलिसेकंदांत काम झालं तर हाताला फारसं जाणवत नाही. शंभरच्या पुढे गेलं की रेघ पेनच्या मागे मागे रेंगाळते आणि चित्र काढणारा वैतागतो. म्हणजे अंतर ही चंद्रपूरची अडचण नाहीच.

सिरोंच्याची गंमत आणखी वेगळी. तिथून मुंबई सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटरच्या आसपास, पण हैदराबाद जेमतेम सव्वादोनशे. हैदराबादेत अॅमेझॉनचं क्लाउड केंद्र नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. स्टुडिओने भाड्याचे संगणक तिथे घेतले तर नकाशावर तरी ते सिरोंच्याच्या शेजारीच आहेत. अर्थात तार नकाशा पाहून धावत नाही. ती मुंबईला वळसा घालून गेली तर फायदा शून्य.

जंगलातला शेवटचा टप्पा

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा सुमारे ७० टक्के जंगलाने व्यापलेला आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. रस्ता बंद, वीज गेलेली आणि मोबाइल टॉवरच्या जनरेटरला डिझेल पोचत नाही, अशा वेळी डेडलाइन पाळायची कशी?

उपग्रहाचं इंटरनेट हा नेहमी सुचवला जाणारा उपाय. पण पारंपरिक उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. पेनचा इशारा वर जाऊन खाली, मग चित्र वर जाऊन खाली, यात जवळपास अर्धा सेकंद जातो. ई-मेलला चालेल, रोटोस्कोपीला नाही. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर असल्याने हा विलंब बराच कमी होतो. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये या कंपनीशी इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोलीचं नाव आहे. इरादापत्र म्हणजे जोडणी नव्हे, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मोबाइल डेटावर भिस्त ठेवणाऱ्यांनी साधा हिशोब करावा. २० एमबीपीएस सलग आठ तास चालले तर ७२ जीबी होतात. स्क्रीन स्थिर असताना डेटा फारसा जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा बराच कमी येतो, पण रोज दोन जीबीचं पॅक दुपारच्या जेवणापर्यंतही पुरायचं नाही. फायबर मुख्य आणि मोबाइल आडवेळेसाठी, हीच जोडी व्यवहार्य.

विजेच्या बाबतीत मात्र ही पद्धत गावाकडच्यांच्या फायद्याची आहे. व्हीएफएक्सचा दणकट संगणक कामाला लागला की पाचशे वॉट सहज खातो, आणि चंद्रपूरच्या ४५ अंशांपुढच्या उन्हाळ्यात त्याला एसीही लागतो. झिरो क्लायंट, मॉनिटर आणि राउटर मिळून शंभर वॉटच्या आत बसतात. घरातल्या इन्व्हर्टरवर हे काही तास चालतं. शिवाय लाइन तुटली तरी स्टुडिओतला संगणक सुरूच असतो. पुन्हा जोडलं की कर्सर होता तिथेच सापडतो.

तार टाकायला परवानगी कुणाची?

वनजमिनीतून फायबर न्यायचं तर वन विभागाची मंजुरी लागते आणि तिला वेळ लागतो. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. शाळा, दवाखाना यांच्यासोबत 'वीज व दूरसंचार वाहिन्या' यांसाठीही सरकारला वनजमीन देता येते. अटी अशा: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि या सगळ्याला ग्रामसभेची शिफारस हवी. ज्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले, तिथल्या ग्रामसभांना हे कलम समजावून सांगायची फारशी गरज पडू नये.

मग काम मिळेल का?

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अॅनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत टेक्निकलर हा जागतिक समूह कोसळला आणि भारतातल्या हजारो कलाकारांच्या नोकऱ्या एका झटक्यात गेल्या. शिवाय घरून सहज देता येणारी कामं, म्हणजे रोटो आणि दोऱ्या पुसणं, हीच एआयच्या तडाख्यात सगळ्यात आधी सापडली आहेत.

दुसरी अडचण तारेने सुटत नाही. नवशिका हे काम शिकतो तो शेजारच्या खुर्चीतल्या अनुभवी माणसाकडे बघून. त्यामुळे नवख्यांना घरून काम देताना स्टुडिओ हात आखडता घेतात. चंद्रपुरातल्या मुलाने दोन वर्षं मुंबईत काढून मग गावी परतणं आज जास्त शक्य दिसतं. पाच-दहा जणांनी मिळून चंद्रपूर किंवा गडचिरोली शहरात एक खोली घ्यावी, दोन कंपन्यांचं फायबर आणावं आणि एका जाणत्याला सोबत बसवावं, हा त्याहून बरा मार्ग. सुरक्षेची तपासणी करणाऱ्यांनाही दहा घरांपेक्षा कुलूप लावता येणारी एक खोली तपासणं सोपं जातं.