सर्व्हिस अकाउंट म्हणजे काय? ते का जपायचं?

यवतमाळ जिल्ह्यातलं शेंदुरसनी (ता. आर्णी) हे जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव. २०२५ मध्ये या ग्रामपंचायतीच्या नावावर २७ हजारांहून जास्त जन्मनोंदी आढळल्या. लॉगिनच्या गैरवापराचा संशय आला, गुन्हा दाखल झाला.

ते लॉगिन माणसाचं होतं. मोठ्या कार्यालयांत बॅकअप, डेटाबेस अशी सॉफ्टवेअरही लॉगिन करतात. त्यांचं खातं म्हणजे सर्व्हिस अकाउंट. त्यावर रोज कुणाची नजर नसते, पासवर्ड वर्षानुवर्षं तोच राहतो आणि अधिकार मात्र मोठे असतात.

काय करावं?

• गरजेपुरतेच अधिकार द्यावेत.
• प्रत्येक कामाला वेगळं खातं ठेवावं.
• विंडोजमध्ये ‘ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट’ वापरावं; पासवर्ड साधारण ३० दिवसांनी आपोआप बदलतो.
• नोंदी अचानक वाढल्या तर लगेच तपासावं.